बर्वणे हे क्रियापद

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मला ओळखणारे हे वाक्य वाचून हसतील. हा माणूस, आणि न सांगितलेली गोष्ट? माझे घोटाळे मी आयुष्यभर चारचौघांत प्रसादासारखे वाटत आलो. स्वतःच्या मुंजीत मी शेजारच्या कार्यालयात जाऊन दुसऱ्याच बटूच्या पंगतीत जेवलो होतो, ते सांगून झालं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबांच्या पत्नीला साहेबांच्या मातोश्री समजून वाकून नमस्कार केला, तेही झालं. मग ही एकच कशी राहिली? राहिली नाही हो — ठेवली.

आणि खरं तर सांगितली नाही, असं म्हणणंही पुरतं खरं नाही. मी ती शंभरदा सांगितली आहे. उलटी करून.

सत्तरच्या दशकात पुण्याच्या वेशीवर यंत्रं बनवणारा एक कारखाना होता. त्याचं नाव राहू दे, त्याचा यात काही दोष नाही. तिथल्या ड्रॉइंग हॉलमध्ये आम्ही बावीस जण तिरक्या फळ्यांवर वाकून उभे असायचो. दिवसभर उभं राहून रेघा मारणाऱ्या माणसाचं तोंड मोकळंच असतं. त्या मोकळ्या तोंडांना काम पुरवणं हे माझं खातं होतं. कामात कच्च्या माणसांना नावं मी ठेवायचो. स्टोअरमधल्या एका कारकुनाकडे गेलेला कुठलाही कागद पुढे सरकत नसे, त्याचं नाव ‘पूर्णविराम’. चित्रं गिरवून उतरवणारा एक ट्रेसर सोमवारपासून शनिवारपर्यंत सुट्टीचा चेहरा करून बसायचा, तो ‘रविवार’. ‘रविवार आज रजेवर आहे’ हे वाक्य आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी गंभीर चेहऱ्याने उच्चारलं जायचं.

पण माझी खरी कामगिरी म्हणजे बर्वे.

बर्वे हॉलमधले सर्वांत जुने. बुटके, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेन्सिली — एक पिवळी, एक लाल. ते आमची ड्रॉइंग तपासत. रुजू झाल्या वर्षी त्यांनी एका हँडलच्या मापात एक शून्य जास्त टाकलं होतं. पाच इंची हँडलच्या जागी चार फुटी हँडल लिहिलं गेलं, आणि खालच्या शॉपमधल्या इरसाल मंडळींनी ते खरोखर बनवून, दोघांच्या खांद्यावर देऊन, हॉलमध्ये वाजतगाजत आणलं. मी तेव्हा नव्हतो, ऐकलेलं आहे. ही बर्व्यांची एकमेव शाबीत चूक. त्यानंतर त्यांनी धसका घेतला. प्रत्येक माप तीनदा मोजायचं, मोजलेलं पुन्हा ताडायचं, स्वल्पविराम राहिला तरी लाल खूण करायची. इतक्या जपून चालणाऱ्या माणसाला लोक अडखळणारा समजतात. आम्हीही समजलो.

त्यांना टोपणनाव द्यायची गरजच पडली नाही, आडनावच पुरलं. मी त्याचं क्रियापद केलं — बर्वणे. म्हणजे घोटाळा करणे. मी बर्वलो, तू बर्वलास, त्यांनी सगळं बर्वून ठेवलं. बर्वता बर्वता वाचलो. उन्हाळ्यात जेवणानंतर ‘आज बर्ववत नाही रे’ — म्हणजे चूक करण्याइतकीही ताकद उरलेली नाही. नाम झालं बर्वणूक. दुसऱ्याकडून घोटाळा करवून घेणे याला प्रयोजक रूप बर्ववणे. एका पावसाळी दुपारी मी हे सगळं फळ्यावर कोष्टक करून लिहिलं होतं. तेवढ्यात आमचे चीफ ड्राफ्ट्समन शेखसाहेब आत आले. कसब्यात सात पिढ्या काढलेलं घराणं, तिरकस बोलण्यात आम्हा पेठेतल्यांना दोन धडे देतील असा माणूस. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, “दामले, आज्ञार्थ तेवढा शिकवू नका. लोक पाळतात.” हॉल हसून लोळला.

बर्व्यांना हे ठाऊक होतं का? बावीस माणसांच्या खोलीत काय लपतं? तेही त्या दिवशी कोपऱ्यात हसत होते. म्हणजे — तोंड हसल्यासारखं होतं. मी फार निरखून पाहिलं नाही. नाव ठेवणाऱ्याने नाव घेणाऱ्याकडे बघावं, ज्याचं नाव आहे त्याच्याकडे बघू नये, एवढं शहाणपण मला होतं.

मी आडवळणं घेतोय, मला कळतंय. येतो मुद्द्यावर.

त्या वर्षी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होणार होती. मुख्य तपासनीसाची. सगळ्या चेकर लोकांवरची जागा, पगार वाढता, शिवाय खुर्ची खरीखुरी — बाकी आम्ही उभे. ज्येष्ठतेने ती बर्व्यांची. शेखसाहेबांनी त्यांचं नाव वर पाठवलंही होतं. बर्व्यांनी कुणाकडे बढाई मारली नाही, फक्त एक दिवस मला म्हणाले, “दामले, खिडकीपाशी ऊन येतं का हो दुपारी? डोळ्यांना त्रास होतो म्हणून विचारलं.” आयुष्यात त्यांनी बोलून दाखवलेली मला माहीत असलेली ही एकच इच्छा.

त्याच सुमारास माझ्याकडे गिअरबॉक्सच्या पेटीचं काम आलं. मूळ ड्रॉइंग अमेरिकेतलं. आता इथे थोडं समजून घ्या, अवघड नाही. वस्तूला उजवीकडून पाहिल्यावर जे दिसतं, ते अमेरिकन माणूस कागदावर उजवीकडेच काढतो. आमच्याकडे तेव्हा ते डावीकडे काढायची रीत होती. त्यामुळे तिकडचं ड्रॉइंग इकडच्या रीतीने उतरवताना बाजूची चित्रं एकमेकांच्या जागी न्यावी लागत. विसरलं, की वस्तूचं डावं अंग उजवीकडे जातं. शिकाऊ मुलांना पहिल्या महिन्यात हे घोकून घेतात. मी बारा वर्षांचा मुरलेला. मी एक चित्र हलवायला विसरलो.

कामाची पद्धत अशी: मी पारदर्शक कागदावर ट्रेसिंग काढायचं, त्याची एक प्रिंट बर्व्यांकडे जायची. जे बरोबर त्यावर ते पिवळी पेन्सिल फिरवत, चुकेल तिथे लाल. ती रंगवलेली चेक प्रिंट माझ्याकडे परत यायची, मी ट्रेसिंग दुरुस्त करायचं, मग बर्वे सही करायचे. चेक प्रिंट ड्रॉइंग काढणाऱ्याने आपल्या खणात सहा महिने जपून ठेवायची. नियम होता.

शनिवारी प्रिंट परत आली. चौदा लाल खुणा. तेरा नेहमीच्या — इथे बाण नाही, तिथे टिंब पुसट. त्या मी भराभरा दुरुस्त केल्या. चौदावी खूण लिव्हरच्या, म्हणजे गिअर बदलायच्या दांड्याच्या, बाहेर आलेल्या टोकाभोवती होती. एक लाल वर्तुळ, आणि शेजारी बर्व्यांच्या मुंगीच्या पावलांच्या अक्षरात: ‘बाजू कोणती? कृपया खात्री करावी.’

ती मी घाईत वाचली नाही.

नाही — हे खोटं. इतकी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलो, म्हणून हात आपोआप तसं लिहून गेला. मी ती वाचली. वाचली आणि प्रिंट खणात सरकवली. मूळ ड्रॉइंग हातभर अंतरावर होतं. उघडून पाहायला एक मिनिट लागलं असतं. का नाही पाहिलं? कारण पाहिलं असतं तर बर्वे बरोबर निघाले असते, हे मला न पाहताच कळलं होतं. मग अख्खं चित्र पुन्हा काढायचं, दोन दिवस. तेही चाललं असतं. पण हॉलभर झालं असतं — दामले बर्वले, आणि बर्व्यांनी पकडले! क्रियापद ज्याने घडवलं, त्याच्यावरच ते चालवलं गेलं असतं. हे मला सोसलं नसतं. इतकंच. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, नाही सापडलं.

ट्रेसिंग घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चेक प्रिंट मागितली. मी म्हटलं, “सगळं केलंय हो. ते लिव्हरचंही मूळ काढून पाहिलं. बरोबर आहे ते. उगाच बर्वू नका.”

पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर तो शब्द वापरला. त्यांनी चष्मा वर केला, ट्रेसिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुम्ही स्वतः पाहिलंत ना?” मी म्हटलं, “म्हणजे काय!” “मग बरोबरच असेल,” असं म्हणून त्यांनी सही केली. त्या खोलीत माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा तेवढा एकच माणूस होता.

दोन महिन्यांनी खालच्या शॉपचे फोरमन तापकीर जिना चढून वर आले. शेजारच्या गावचे, घरची शेती सांभाळून नोकरी करणारे, आवाज बांधावरचा. दारातूनच म्हणाले, “साहेब, ते गिअरबॉक्सचं झालं बरं का. नऊ पेट्या वतल्या. निस्तं एकच हाय — दांडा भितीकडं हाय. मशीन चालवायला मानूस भितीत चिनून घ्यायचा का?”

हॉल हसला. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने, मला वाटतं.

शेखसाहेब हसले नाहीत. नऊ पेट्या भंगारात, गिऱ्हाईक दारात. त्यांनी ट्रेसिंग मागवलं, माझ्याच फळीवर पसरलं, एका नजरेत चूक ओळखली. काढणारा — मी. तपासणारे — बर्वे. त्यांनी बर्व्यांनाही तिथेच बोलावलं आणि विचारलं, “चेक प्रिंट कुठाय?”

ती माझ्या खणात होती. मी फळीला टेकून उभा होतो, तो खण माझ्या मांडीला लागत होता. हात मागे नेऊन काढून दिली असती तर? चूक माझी ठरली असती, थोडी बोलणी, फार तर एक पगारवाढ गेली असती. त्या काळात अशा चुकीसाठी कुणाला घरी बसवत नसत. म्हणजे भीती उपासमारीची नव्हती. भीती हशाची होती.

मी म्हटलं, “साहेब, प्रिंटवर लिव्हरपाशी काही खूण नव्हती. असती तर मी बदललं नसतं का? प्रिंट बहुतेक परवाच्या आवराआवरीत गेली.”

बर्वे म्हणाले, “साहेब, मला वाटतं मी तिथे लाल केलं होतं. मी — मला आठवतंय तसं.”

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, “चार फुटी लाल!” आणि खसखस पिकली. मला काही करावंच लागलं नाही. माझ्या क्रियापदाने दहा वर्षं जमीन नांगरून ठेवली होती, त्यात कुठलीही चूक टाकली तरी बर्व्यांच्या नावानेच उगवली असती. बर्व्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, वाट पाहिल्यासारखं. माणूस रस्ता ओलांडताना हाताला धरणाऱ्याकडे बघतो, तसं. मी ट्रेसिंगकडे पाहत राहिलो.

मग ते म्हणाले, “नसेल केलं. बर्वलो असेन.”

स्वतःच्या तोंडून. स्वतःचं आडनाव, माझं व्याकरण, बिनचूक चालवलेलं. हॉल असा हसला की शेखसाहेबांच्याही मिशा हलल्या. त्या हशातच चौकशी संपली. हसल्यावर पुन्हा खोलात कोण शिरणार?

चेक प्रिंट मी संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून सदाशिव पेठेतल्या घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटवायला घेतला. बायको म्हणाली, “एवढा चांगला जाड कागद जाळताय? फडताळात घालायला झाला असता.” मी म्हटलं, “ऑफिसचा आहे, गोपनीय असतं.” कडकडीत पाण्याने आंघोळ केली. लाल पेन्सिल जळताना वेगळी दिसत नाही. मी पाहिलं होतं.

बर्व्यांचं नाव वरून परत आलं. त्यांना तळमजल्यावर प्रिंटिंगच्या खोलीत पाठवलं, जिथे अमोनियाच्या वाफेवर प्रिंट काढतात. खोलीला खिडकी नव्हती. वास असा की नवखा माणूस दाराशीच रडू लागे. ज्यांना दुपारच्या उन्हाचा त्रास होईल का ही काळजी होती, ते बर्वे तिथे नऊ वर्षं काढून निवृत्त झाले. आणि खिडकीजवळची खुर्ची? विचारूच नका — पण विचाराल तर, मला मिळाली. दुपारी ऊन येतं. सवय होते.

या नऊ वर्षांत मी तो किस्सा किती ठिकाणी सांगितला! लग्नांत, सहलींत, नव्या पोरांपुढे. तापकीरांचा आवाज काढून — ‘मानूस भितीत चिनून घ्यायचा का?’ — आणि शेवटी, थोडं थांबून, मान खाली घालून, ‘बर्वलो असेन’. हमखास टाळी. मी तुम्हाला म्हटलं ना, माझे घोटाळे मी सगळ्यांना सांगतो. हाही माझाच होता, फक्त मी तो दुसऱ्याच्या नावावर सांगत होतो. मनाची समजूतही घालून ठेवली होती: बर्व्यांना नक्की आठवतच नाही. ते स्वतःच म्हणाले ना, नसेल केलं? त्यांच्या लेखी ही त्यांचीच चूक, मग दुखावलं कोण?

निवृत्तीच्या दिवशी कॅन्टीनमध्ये समारंभ होता. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. बर्वे पांढऱ्या सदऱ्यात खुर्चीवर, शेजारी बर्वेवहिनी — हिरवी साडी, मांडीवर रुमाल. त्यांना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. भाषण माझंच असणार, हे ठरलेलं. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. सायकलवरून येताना वाक्यंसुद्धा जुळवली होती: मित्रहो, ज्या चुकीवर आपण नऊ वर्षं हसलो, ती माझी.

उभा राहिलो. तोंड उघडायच्या आत मागून आरोळी आली — “दामले, लिव्हर! लिव्हर होऊन जाऊ दे!” टेबलं वाजू लागली. दीडशे माणसं. मी बर्व्यांकडे पाहिलं, त्यांनी ‘सांगा, सांगा’ अशी मान हलवली.

मी सांगायला लागलो. नेहमीचाच. शून्य जास्त पडलेलं हँडल, मग गिअरबॉक्स, मग म्हटलं — “आणि आमच्या बर्व्यांनी अख्ख्या ड्रॉइंगवर पिवळी पेन्सिल फिरवली, लिव्हर उलटा आहे हे काही त्यांना दिसलं नाही!”

तेवढ्यात बर्वेवहिनी नवऱ्याकडे वळल्या. पुढच्या रांगेत होत्या, मला स्वच्छ ऐकू आलं. “अहो, पण तुम्ही तर म्हणाला होतात, लाल खूण केली होती. लिहिलंही होतं म्हणालात, खात्री करावी म्हणून.”

शब्द न् शब्द. ‘खात्री करावी.’ नऊ वर्षांनी, त्यांच्या तोंडून, माझ्या भाषणाच्या मध्यावर.

बर्व्यांनी त्यांच्या रुमालावरच्या हातावर आपला हात ठेवला. म्हणाले, “असू दे. ऐक, पुढे छान आहे.”

म्हणजे त्यांना आठवत होतं. त्या दिवशीही आठवत होतं, हॉलमध्ये माझ्याकडे पाहत होते तेव्हाही. मग ‘बर्वलो असेन’ का म्हणाले? मला वाचवायला? की बावीस हसणाऱ्या माणसांपुढे खरं बोलून उपयोग नसतो, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं? मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

मी काय केलं, ते तुम्हाला कळलंच असेल. दीडशे माणसं शेवटच्या वाक्यासाठी थांबली होती. मी थोडा थांबलो, मान खाली घातली आणि बर्व्यांच्या आवाजात म्हटलं, ‘बर्वलो असेन.’ छप्पर उडेल एवढा हशा. बर्वेही हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत होत्या — अगदी शांतपणे, ड्रॉइंग तपासावं तशा.

बर्वे जाऊन चार वर्षं झाली. मी अंत्ययात्रेला गेलो होतो, मागे उभा राहिलो. वहिनी कर्वेनगरला मुलीकडे राहतात. आम्हीही आता तिकडेच असतो, पायी दहा मिनिटं. सकाळी भाजी घ्यायला येतात. मला पाहून थांबत नाहीत, टाळतही नाहीत.

लिव्हर मी उलटा काढला. बर्व्यांनी तो पकडला होता. प्रिंट मी जाळली. हे तुम्हाला सांगणं जमलं, कारण त्या दिवशी पुढच्या रांगेत तुम्ही नव्हतात. ज्या होत्या, त्यांना मी हे सांगितलेलं नाही. काल त्या मेथी निवडत होत्या. मी पलीकडून कोथिंबीर घेतली आणि घरी आलो.